पुण्यात चार संघ बुडाले, कोल्हापुरात एक तरेल

व्यावसायिक फुटबॉल संघ काढायचा म्हटले की पैसा घालणारा आधी शहराची लोकसंख्या पाहतो आणि मग तिथल्या लोकांचा खिसा. या हिशेबाने महाराष्ट्रात मुंबईनंतर पुणेच येते, आणि तिथे प्रयोग झालेही. 2007 मध्ये उभा राहिलेला पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. भारत एफसी 2014-15 चा एकच हंगाम खेळला, डीएसके शिवाजीयन्सने आय-लीगचे दोन हंगाम काढले, आणि 2014 पासून इंडियन सुपर लीगमध्ये असलेल्या एफसी पुणे सिटीची जागा 2019 मध्ये हैदराबादला गेली. आज यांतला एकही संघ मैदानात नाही. मालक मोठे होते, बालेवाडीसारखे क्रीडासंकुल होते. पण संघ हरला की ज्याला रात्री जेवण जात नाही, असा माणूस पुरेशा संख्येने तयार झाला नाही.

तो माणूस कोल्हापुरात पेठेपेठेत सापडतो. इथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल आपला मानला. म्हणून पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या संघांच्या नावांत आजही ‘तालीम मंडळ’ आहे. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की कोण कुठल्या मंडळात गेला, याची गल्लोगल्ली चर्चा होते. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भर उन्हात भरतात, तेही तिकीट काढून. पाहण्याची ही सवय जाहिरातीने विकत मिळत नाही. माझ्या मते संघ कुठे टिकेल याचे पहिले माप हीच सवय.

शहर लहान, ही शंका रास्त नाही. 2011 च्या जनगणनेत ऐझॉलची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती, कोल्हापूरची साडेपाच लाखांच्या आसपास. त्या ऐझॉलच्या संघाने 2017 मध्ये आय-लीग जिंकली. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिला आणि पुढे बंद पडला. भारताबाहेर, दुसऱ्या खेळातही हेच दिसते. कॅनडातल्या विनिपेगचा आइस हॉकी संघ 1996 मध्ये फिनिक्सला नेला गेला. पुढे 2011 मध्ये कितीतरी मोठ्या अटलांटाचा संघ उठून विनिपेगला आला, तेव्हा तिथल्या लोकांनी 13,000 हंगामी तिकिटे काही दिवसांत संपवली. फिनिक्सला गेलेला संघही 2024 मध्ये तिथून हलला.

खरी अडचण पेठांची आहे. जन्मभर एका मंडळासाठी घसा फोडलेला माणूस शहराच्या संघाला आपला का म्हणेल, आणि मंडळांच्या समर्थकांचे गॅलरीतले वाद मिटणार कसे? म्हणूनच बाहेरचा मालक इथे चालणार नाही. स्थानिक फुटबॉल चालवणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आणि तालीम मंडळे यांनाच संघात भागीदारी द्यावी. स्थानिक लीग चालू ठेवून तिच्यातून खेळाडू निवडावेत. पैशाचे म्हणाल, तर सुपर लीगचा खर्च या शहराला झेपणार नाही हे मान्य. पण राज्य पातळीवरून राष्ट्रीय लीगच्या खालच्या श्रेणीत चढत जाण्याची वाट आहे, आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या उद्योजकांना ती परवडण्याजोगी आहे. एफसी कोल्हापूर सिटी या नावाने इथल्या महिला संघाने 2019 मध्ये लुधियानात इंडियन विमेन्स लीग खेळून दाखवलीच आहे.

इथलाच फुटबॉलपटू अनिकेत जाधव 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. त्यासाठी त्याला लहानपणी कोल्हापूर सोडावे लागले. पुढच्या मुलाला ते सोडावे लागू नये, एवढ्यासाठी तरी असोसिएशन, तालमी आणि कारखानदार यांनी येत्या हंगामाआधी एकत्र बसावे.