काळ्या रानातली जीप

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालचं भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने निघालं आणि पाच दिवसांत हैदराबादच्या निजामाने शरणागती पत्करली. त्या काळी आपल्या सैन्याकडे महायुद्धातून उरलेल्या विलीज आणि फोर्ड बनावटीच्या जीप होत्या. सप्टेंबर म्हणजे इकडे पावसाचे दिवस. सडक सोडली की दोन्ही अंगांना काळं रान. सोलापूर जिल्ह्यातल्या जीपचा मागोवा घ्यायचा तर मला इथून सुरुवात करावीशी वाटते, कारण या मुलखाला जीप कशासाठी लागते हे त्या रानाकडे पाहिलं की कळतं. इथे सह्याद्रीतले घाट नाहीत, खडकांच्या पायऱ्या नाहीत. इथे ओढे आहेत, पाणंदी आहेत, मुरमाड माळ आहेत आणि भीमा-सीनेच्या काठांची खोल काळी जमीन आहे.

महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावांतून जीप बाहेर पडू लागल्या. त्याच सुमारास महिंद्र कंपनीने सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीपची जोडणी सुरू केली. पुढे आली सीजे-३बी, उंच बॉनेटची. तिच्या इंजिनात इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेल्याने इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, आपल्याकडे मात्र त्याच घाटाच्या जीप त्यानंतर कित्येक वर्षं बनत राहिल्या. एकच रचना इतका काळ टिकल्याचा फायदा गावोगावच्या मिस्त्र्यांना झाला. वडिलांनी उघडलेला गिअरबॉक्स मुलानेही उघडला आणि आतले दाते तेच निघाले.

या गाडीची करामत इंजिनाच्या ताकदीत कधीच नव्हती. मूळ विलीज जेमतेम साठ अश्वशक्तीची. करामत आहे ट्रान्सफर केसमध्ये. एका लिव्हरने पुढची चाकं जोडायची आणि दुसऱ्याने लो गिअर टाकायचा. लो पडला की चाकांवरचा जोर सुमारे अडीच पट होतो आणि गाडी माणसाच्या चालीने, इंजिन न गुदमरता पुढे सरकत राहते. चिखलातून निघण्यासाठी एवढंच लागतं. वेग घेऊन चिखलात घुसणारा अडकतो, हे जुने ड्रायव्हर प्रत्येक नव्या पोराला सांगत आले आहेत.

पहिली काही दशकं जीप ही इथे सरकारची आणि कारखान्यांची गाडी होती. माळीनगर, श्रीपूरचे जुने साखर कारखाने आणि नंतरचे सहकारी कारखाने यांच्या शेतकी खात्यांना ऊस बघायला फडापर्यंत जावं लागे आणि फडापर्यंत सडक नसे. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडण्याची कामं जिल्हाभर निघाली, तेव्हा अधिकाऱ्यांना कामावर पोहोचवणारी गाडीही हीच. अशा जीप वापरून जीर्ण झाल्या की लिलावात निघत आणि बागायतदारांच्या दारात येऊन उभ्या राहत. त्यांच्याबरोबर दुरुस्तीची विद्याही शहरातून तालुक्याला पोहोचली. पंढरपूर, बार्शी, करमाळा, अकलूज, जिथे बाजारपेठ तिथे लेथ, वेल्डिंग आणि कमानपाट्यांचं दुकान.

सोलापूर शहरात या विद्येला आणखी एक आधार होता. गिरण्यांनी आणि यंत्रमागांनी इथे फिटर आणि टर्नर घडवले होते. मागाचा शाफ्ट घासून देणाऱ्या हाताला प्रोपेलर शाफ्टचं काम परकं वाटत नाही. गॅरेजमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चारही भाषा एकाच गाडीखाली ऐकू येतात. सुट्या भागांची नावं मात्र सगळ्यांची एक: क्रॉस, हाऊसिंग, पिनियन, किंगपिन. या माणसांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत, पण जिल्ह्यातल्या रस्ता नसलेल्या गावांपर्यंत डॉक्टर, मतपेट्या आणि बी-बियाणं पोहोचलं त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, असं मी मानतो.

१९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोलची जीप पोसणं शेतकऱ्याला जड जाऊ लागलं. मग इंजिन बदलण्याचं पर्व आलं. पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवायचं: कुणी पर्किन्स, कुणी मॅटाडोरचं. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. डिझेल इंजिन जड, त्यामुळे पुढचे पाटे बसत. इंजिनाचं तोंड गिअरबॉक्सला जुळावं म्हणून मध्ये अडॅप्टर प्लेट घडवावी लागे, आणि ती केसभर तिरकी बसली तरी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग काही महिन्यांत आवाज करू लागे. अशी प्लेट लेथवर बिनचूक उतरवणारा टर्नर हा त्या काळातला खरा कारागीर. पुढे महिंद्रने फ्रेंच प्यूजो कंपनीच्या परवान्याने डिझेल इंजिन बनवायला घेतलं. १९८० च्या दशकाच्या मध्यात त्या २११२ सीसी इंजिनासह एमएम ५४० ही जीप आली आणि घरगुती बदलांची गरज ओसरली. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. हलकी, चपळ, पण पेट्रोलची. आमच्या रानात तिला शेतकऱ्याने फारसं जवळ केलं नाही.

मग वडापचा, म्हणजे गावोगावी प्रवासी वाहणाऱ्या खाजगी जीपचा काळ. कमांडर आणि ट्रॅक्स या गाड्यांमध्ये आत जितकी माणसं तितकीच मागे लटकलेली. दुरुस्तीच्या दृष्टीने हा काळ फार महत्त्वाचा. रोजच्या ओझ्याने पाटे तुटत, सेंटर बोल्ट कापले जात, हाऊसिंगला चिरा जात, आणि गाडी संध्याकाळपर्यंत परत धंद्याला लागायची असे. जास्तीचा पाटा कुठे घालावा, यू-बोल्ट किती आवळावा, शॅकलचं बुश रबराचं बरं की पितळेचं, याची उत्तरं या घाईत ठरत गेली. हौसेने गाडी उंच करणारी आजची मंडळी सस्पेन्शनविषयी जे बोलतात, त्यातलं बरंच वडापवाल्यांनी पोटासाठी आधीच पारखून ठेवलेलं आहे.

हौस आली ती त्यानंतर. २०१० मध्ये थार बाजारात आली. पुढे टॉर्शन बार, मागे पाटे, आणि १०५ अश्वशक्तीचं सीआरडीई डिझेल इंजिन. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरख्याने पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना डिफरन्शियल लॉक दिलं. पुण्या-मुंबईत ऑफ-रोडिंगचे मेळावे भरू लागले आणि सोलापूरच्या पोरांनीही आजोबांची एमएम ५४० गोठ्यातून बाहेर काढली. गाडी चढवायची आणि सजवायची लाट आली. काही जण तयार जीपसाठी थेट हरियाणातल्या मंडी डबवालीला गेले. तिथल्या जीप दिसायला देखण्या, पण चेसिस एकीची, इंजिन दुसरीचं आणि कागद तिसरीचे असतील तर ती गाडी सोलापूरच्या, म्हणजे एमएच-१३ च्या पासिंगला उभी करता येत नाही. कागद न बघता रंग बघून जीप घेऊ नये, हे मी आजही प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

या लाटेत एक चूक सगळीकडे झाली. आधी टायर, विंच, दिव्यांची पट्टी, दुरुस्ती नंतर. खरं तर मोठा टायर गाडीतला प्रत्येक लपलेला दोष मोठा करतो. किंगपिन ढिले असतील तर पुढची चाकं थरथरायला लागतात. क्रॉस झिजलेला असेल तर चिखलात जोर लागताच तुटतो. ब्रेक जेमतेम असतील तर जड चाक ते थांबवू शकत नाहीत. म्हणून जुनी जीप रानासाठी तयार करायची तर पहिला खर्च न दिसणाऱ्या जागी करावा: चेसिस उघडी करून चिरा तपासणं, पाटे-बुश, किंगपिन, चाकांची बेअरिंग, स्टिअरिंग बॉक्सचा प्ले, ब्रेकच्या नळ्या, आणि रेडिएटर. सोलापूरचा मे महिना त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो. लो गिअरमध्ये मुंगीच्या चालीने चालणाऱ्या इंजिनाला वारा लागत नाही, सगळी भिस्त रेडिएटरवर आणि पंख्यावर. त्यात आमच्या माळांवर कुसळी गवत. पावसाळ्यानंतर ते वाळलं की कुसळं रेडिएटरच्या पात्यांत जाऊन बसतात आणि गाडी तापते. पुढे बारीक जाळी लावणं आणि घरी आल्यावर ती झटकणं, इतका साधा उपाय आहे. विंचच्या आधी ही जाळी घ्यावी.

टायरविषयी मत देताना इथली जमीन बघावी लागते. माळावर माती वीतभर, खाली मुरूम. तिथे जुन्या जीपचा अरुंद ६.००-१६ चा टायर वरचा चिखल कापून खाली घट्ट थराला लागतो आणि गाडी निघते. नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीत खाली लागायला काही नसतंच. तिथे अरुंद टायर नांगरासारखा उतरत जातो. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत थापली जाते आणि चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरतं. नक्षीतल्या फटी रुंद हव्यात, म्हणजे माती झटकली जाते, आणि हवा उतरवावी म्हणजे टायर पसरतो. हवा उतरवायची तर ती परत भरायला कॉम्प्रेसर बरोबर हवा. आणि काटे! ओढ्यांच्या काठाने, उजनीच्या फुगवट्याच्या कडेने वेडी बाभूळ माजलेली आहे. तिचा काटा टायरच्या बाजूच्या भिंतीतून आत जातो आणि तिथलं पंक्चर नीट निघत नाही. म्हणून या जिल्ह्यात बाजूची भिंत जाड असलेला टायर आणि एक धड स्टेपनी यांवर काटकसर करू नये.

पाण्याची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत ओढ्यांनी किती गाड्या ओढून नेल्या हे जिल्ह्याने पाहिलं. पूर वाहत असताना कुठलीही जीप पुलावर घालू नये. स्नॉर्कल इंजिनाला हवा देतं, गाडीला मुळं देत नाही. सावकाश वाहणाऱ्या गुडघाभर पाण्यासाठी मात्र तयारी करता येते, आणि त्यातली सर्वांत मोलाची वस्तू सर्वांत स्वस्त आहे: ब्रीदरची, म्हणजे अ‍ॅक्सल हाऊसिंगच्या हवेच्या छिद्राची नळी. चालून तापलेलं हाऊसिंग एकदम थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग ऑईल दुधासारखं होतं आणि पुढच्या काही महिन्यांत पिनियनचं बेअरिंग जातं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटपर्यंत वर घेतली की हा त्रास मिटतो. ओढ्यातून आल्यावर ड्रम उघडून गाळ काढणं आणि ग्रीस भरणं हेही जुन्या मिस्त्र्यांनी कधी टाळू दिलं नाही.

टायर, विंच, दिव्यांच्या त्या सजावटीला कायद्याने आता लगाम लावला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने गाडीपुढे बुलबार (लोखंडी कठडा) लावण्यास मनाई केली आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ नोंदीविरुद्ध गाडीत बदल करता येणार नाही असं स्पष्ट केलं. हौशी मंडळी यावर नाराज आहेत. मला त्यांचं दुःख कळतं, पण मूळ रचना सांभाळून केलेली चोख दुरुस्ती या कायद्याच्या आड येत नाही, आणि जुन्या जीपचा जीव तिच्यातच आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते. ज्यांचे ब्रेक, दिवे आणि चेसिस धड आहेत त्यांना त्या दिवशी घाम फुटत नाही.

गाडी कुठे घालावी याबद्दल मात्र मी कुणाचीही गय करणार नाही. शहरापासून वीसेक किलोमीटरवर बार्शी रस्त्याला नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. बाहेरून आलेल्याला तो माळ रिकामा, गाडी पळवायला मोकळा वाटतो. पण माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि तेही पावसाळ्याच्या सुमारास, म्हणजे हौशी लोकांना चिखल खुणावतो त्याच दिवसांत. टिटव्या, चंडोल, धाविक हेही जमिनीवरच घरटी करतात. आता माळढोक तिथे क्वचितच दिसतो. त्याच्या उरल्यासुरल्या माळावर, अभयारण्याच्या हद्दीत असो वा बाहेर, चाकाची एकही नवी चाकोरी पडता कामा नये.

पाणंदीचंही तसंच. ती शेतकऱ्याची वहिवाट आहे. ओल्या पाणंदीतून चार जीप गेल्या की फूटभर खोल चऱ्या पडतात, त्या उन्हाने दगडासारख्या वाळतात आणि नंतर उसाची गाडी त्यांत उलटते. आमच्याकडची जाणती मंडळी पाऊस थांबल्यावर वाफसा येईपर्यंत थांबतात, पेरणीला थांबतात तसेच. २०२१ पासून मातोश्री पाणंद रस्ते योजनेतून यातल्या कित्येक वाटांवर खडी-मुरूम पडतो आहे. ट्रेलसाठी वाटा कमी झाल्या म्हणून कुणी हळहळू नये. शेतातून दवाखान्यापर्यंत गाडी जाणं हे त्याहून कितीतरी मोलाचं.

२०२० मध्ये आलेली नवी थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, तिचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, आणि तिच्या इंजिनाचं दुखणं स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही. सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्समध्ये जगभरच्या मोटार कंपन्यांसाठी कॅमशाफ्ट घडतात, त्याच शहरात आता जुन्या जीपचा किंगपिन शिम लावून बसवणारे हात मोजके उरले आहेत. त्यांतल्या काहींनी दुकानात स्कॅनर आणला आहे आणि स्कॅनर चालवणारी मुलं त्यांच्याकडे किंगपिन शिकायला बसतात. अशा गॅरेजांना काम द्यावं, थोडे जास्त पैसे पडले तरी द्यावं. तिथे कामाला लागलेली एमएम ५४० दोन-तीन महिने अडकून पडते, कारण एखादं बेअरिंग पुण्याहून यायचं असतं किंवा कुर्ल्याच्या भंगारातून हाऊसिंग शोधायचं असतं. मालकाने तोवर थांबावं, आणि मिस्त्री हाऊसिंग उघडतील त्या दिवशी स्वतः शेजारी उभं राहून बघावं.