आधी विहीर, मग नकाशा

कऱ्हेच्या खोऱ्यातल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांना परिसर अभ्यासासाठी नकाशे करायला शिकवायचं, तर संगणक मी सगळ्यांत शेवटी उघडते. आधी विहिरीवर जायचं. दोराला वजन बांधून सोडायचं, पाण्याला टेकलं की खूण करायची, लांबी मोजायची आणि तीतून कठड्याची उंची वजा करायची. ही वजाबाकी हमखास राहून जाते. मग मोबाइलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपायचे.

एका गावात दोन विहिरी मोजल्या. वरच्या शिवारातल्या विहिरीचं पाणी जमिनीपासून ९ मीटर खाली, ओढ्याकाठच्या विहिरीचं ६ मीटर. ओढ्याकडची पातळी वर, असं बहुतेकांनी लिहून टाकलं. जमिनीचा चढ कुणी धरलाच नव्हता.

मोबाइल उंचीही दाखवतो, पण तिच्यावर विसंबता येत नाही. मोकळ्या आभाळाखाली जागा साधारण ५ मीटरच्या फरकाने मिळते. उंचीतली चूक त्याहून मोठी असते, कारण आजूबाजूला आणि डोक्यावर उपग्रह असले तरी खालच्या बाजूला पृथ्वीच आड येते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात, त्यांतही दोन विहिरींमधला एवढासा चढ सापडत नाही. तेव्हा एक बाई म्हणाल्या, "गवंड्याची लेव्हल नळी आणू या का?" शाळेच्या संडासाचं काम चालू होतं, नळी लगेच मिळाली. तिच्यात पाणी भरून, बुडबुडे काढून, दोन टोकांना दोघे उभे राहून, बांधाबांधावरून मोजत खाली आलो. वरची जमीन साडेचार मीटर उंच निघाली. म्हणजे जे पाणी खोल वाटत होतं, तेच दीड मीटरने वर! एका गुरुजींनी हे गणित फळ्यावर स्वतः मांडलं. माझ्या मते प्रशिक्षण तिथेच झालं, पुढचं सगळं बटणांचं काम.

त्या बटणांचा एक धोका मात्र आहे. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या संगणक प्रणालीत चार-पाच बिंदू भरले की सगळं गाव निळ्या छटांत रंगवून मिळतं, आणि पाहणाऱ्याचा त्यावर विश्वास बसतो. इथला काळा पाषाण पाणी भेगांतून खेळवतो. शेजारच्या दोन विहिरींचंही एकमेकींशी नातं असेलच असं नाही. म्हणून न मोजलेला भाग कोराच ठेवायला लावते.

मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर मोजणी करायची ठरली. दोर मोठ्यांनी सोडायचा, मुलांनी कठड्यापासून लांब बसून आकडे लिहायचे. विहीरमालकांना विचारायचं काम एका वाडीवरच्या गुरुजींनी घेतलं.