दार उघडे, अटी कायम

परदेशी जाऊन विज्ञान वा अभियांत्रिकी शिकू इच्छिणाऱ्या मुलीला केवळ स्त्री म्हणून आज कोणी उघडपणे नकार देत नाही. ही प्रगती खरीच. परंतु प्रवेशासोबत येणाऱ्या अटींचा भार कोणी सोसावयाचा, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही.

मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत, म्हणजेच पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह सोडला नाही. अखेर वर्षभर काम पारखून मगच रीतसर मान्यता, या अटीवर प्रवेश मिळाला. पुढे शिष्यवृत्ती घेऊन त्या केंब्रिजला गेल्या आणि वनस्पतिपेशींतील ‘सायटोक्रोम सी’वरील संशोधनासाठी १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. त्यांच्या गुणवत्तेला शिष्यवृत्तीची जोड होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

आजच्या मध्यमवर्गीय मुलीच्या वाट्याला बहुधा शिष्यवृत्तीऐवजी कर्ज येते. बँकांच्या सर्वसाधारण योजनेनुसार साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास तारण लागते, आणि अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च याच्या कितीतरी पट असतो. गिरगाव, लालबाग, परळ येथील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या भाड्याच्या वा पागडीच्या खोल्यांत राहत आली. परिसरात जमिनीचे भाव गगनाला भिडले, तरी भाडेकरूजवळ गहाण ठेवण्याजोगे स्वतःच्या मालकीचे काही नसते. विनातारण कर्ज मिळते; पण ते निवडक विद्यापीठांपुरते, नाहीतर चढ्या व्याजाने. शिवाय शुल्क डॉलरमध्ये भरावयाचे असल्याने रुपया घसरला की राहिलेल्या शिक्षणाचा खर्च आपोआप फुगतो. अशा वेळी मुलासाठी जोखीम पत्करणारे घर मुलीच्या बाबतीत ‘आधी लग्न उरकू’ म्हणते.

तिकडे पोचल्यावरही परावलंबन संपत नाही. अमेरिकेत विद्यार्थी-व्हिसा पूर्णवेळ शिक्षणाशी बांधलेला असतो. संशोधक विद्यार्थिनीचे वेतन, प्रबंध आणि शिफारसपत्र ही तिन्ही बहुधा एकाच मार्गदर्शकाच्या हाती असतात. त्याच्याकडून अन्याय झाला, तर तक्रार करावी की देशात राहण्याचा हक्क सांभाळावा, असा पेच तिच्यापुढे पडतो. डोक्यावर कर्ज असलेली मुलगी बहुधा गप्प बसणेच पत्करते.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ठरावीक उत्पन्नमर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी दिली. हे पाऊल स्वागतार्ह असले, तरी राज्याबाहेर त्याचा उपयोग नाही. जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी कर्जरूप शिष्यवृत्तीची योजना १८९२ साली मुंबईतच सुरू केली आणि तिच्या आरंभीच्या लाभार्थींत स्त्री डॉक्टर होत्या. मुलीच्या घराची मालमत्ता न पाहता गुणवत्तेवर विश्वास ठेवण्याची ती दृष्टी आज बँका व विद्यापीठे यांनी स्वीकारावयास हवी. शासनाने अशा कर्जाची हमी घ्यावी, नोकरी लागेपर्यंत वसुली थांबवावी आणि विद्यापीठांनी परदेशस्थ माजी विद्यार्थिनींना नव्या मुलींच्या पाठीशी उभे करावे. तसे झाले नाही, तर चाळीतल्या खोलीत वाढलेली हुशार मुलगी प्रवेशाचे पत्र हाती असूनही इथेच राहील, आणि त्यात तिच्याइतकेच समाजाचेही नुकसान होईल.