बाद पद्धत श्रेष्ठत्व ठरवते का? – ‘रेस ऑफ चॅम्पियन्स’चे उदाहरण

प्रस्तावना

मोटार रॅलीत दोन चालक एकमेकांसमोर येत नाहीत. रहदारीसाठी बंद केलेल्या रस्त्यावर गाड्या ठरावीक अंतराने एकामागून एक सोडल्या जातात. प्रत्येक चालक घड्याळाविरुद्ध धावतो आणि सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज करून विजेता ठरतो. मग दोन विश्वविजेत्यांपैकी अधिक वेगवान कोण, हे समोरासमोर कसे ठरवायचे? ‘रेस ऑफ चॅम्पियन्स’ ही स्पर्धा याच प्रश्नाचे एक उत्तर आहे. या पाठात आपण तिची रचना पाहू आणि बाद पद्धतीच्या निकालावर किती विश्वास ठेवता येतो, हे तपासू.

1. स्पर्धेचा उगम

2 मे 1986 रोजी कोर्सिका बेटावरील रॅलीत फिनलंडचा हेन्री तोइवोनेन आणि त्याचा सहचालक सेर्जो क्रेस्तो यांचा अपघाती मृत्यू झाला. ते ‘ग्रुप बी’ या अतिशय शक्तिशाली वर्गातील लान्चिया गाडी चालवत होते. या अपघातानंतर ‘ग्रुप बी’च्या गाड्या 1987 पासून विश्व रॅली स्पर्धेतून बाद करण्यात आल्या.

तोइवोनेनच्या स्मरणार्थ फ्रान्सची माजी रॅलीचालक मिशेल मूतों आणि फ्रेड्रिक जॉन्सन यांनी 1988 मध्ये ही स्पर्धा सुरू केली. मूतों 1982 च्या विश्व रॅली स्पर्धेत उपविजेती होती. पहिली स्पर्धा पॅरिसजवळील मोंतलेरी येथे झाली आणि फिनलंडचा युहा कांकुनेन जिंकला. वैयक्तिक विजेत्याला तोइवोनेनच्या नावाचा चषक दिला जातो.

2. समान संधीची रचना

रॅलीत गाडीचा दर्जा, निघण्याचा क्रम आणि हवामान यांचा निकालावर परिणाम होतो. हे घटक शक्य तितके काढून टाकण्यासाठी येथे तीन उपाय योजले आहेत.

(अ) समांतर मार्ग : दोन चालक शेजारशेजारच्या दोन मार्गांवर एकाच वेळी सुटतात. हे मार्ग एका पुलाने असे जोडलेले असतात की आतल्या मार्गावरचा चालक पुढच्या फेरीत बाहेरच्या मार्गावर जातो आणि बाहेरचा आत येतो. त्यामुळे दोघांना सारखेच अंतर कापावे लागते.

(आ) समान गाडी : एका लढतीत दोघांना एकाच प्रकारची गाडी मिळते. पुढच्या लढतीत गाडीचा प्रकार बदलू शकतो. म्हणजे अनोळखी गाडीशी लवकर जुळवून घेणे हेही कौशल्य ठरते.

(इ) बाद पद्धत : हरलेला चालक स्पर्धेबाहेर जातो, जिंकलेला पुढच्या फेरीत जातो.

3. बाद पद्धतीचे गणित

साखळी पद्धतीत प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो. खेळाडूंची संख्या ‘न’ असेल तर सामने न × (न − 1) ÷ 2 होतात. बाद पद्धतीत केवळ न − 1 सामने लागतात, कारण प्रत्येक सामन्यात एकच जण बाद होतो आणि शेवटी एकच उरतो. 16 चालकांसाठी साखळीत 120 लढती लागतील, तर बाद पद्धतीत 15. स्पर्धा थोडक्या वेळात प्रेक्षकांसमोर उरकायची असेल, तर बाद पद्धतच सोयीची.

पण या सोयीची किंमत आहे. समजा, एखादा चालक इतर सर्वांपेक्षा सरस आहे आणि कोणतीही लढत जिंकण्याची त्याची संभाव्यता 0.7 आहे. 16 जणांत विजेता होण्यासाठी त्याला सलग 4 लढती जिंकाव्या लागतील. ही संभाव्यता 0.7 × 0.7 × 0.7 × 0.7 = 0.24 येते. म्हणजे सर्वोत्तम चालकसुद्धा चारपैकी सुमारे तीन वेळा चषकाविना परतेल!

प्रत्येक लढत तीनपैकी दोन शर्यतींची ठेवली, तर एक लढत जिंकण्याची संभाव्यता 0.784 होते आणि चषक जिंकण्याची सुमारे 0.38. सुधारणा होते, पण अनिश्चितता संपत नाही.

4. दोन उदाहरणे

2003 ची विश्व रॅली स्पर्धा 14 रॅलींची होती. त्यात नॉर्वेच्या पेटर सोलबर्गने 72 गुण मिळवले आणि फ्रान्सचा सेबास्तियाँ लोब 71 गुणांवर राहिला. त्याच वर्षी कॅनरी बेटांवर झालेली ‘रेस ऑफ चॅम्पियन्स’ मात्र लोबने जिंकली.

2004 मध्ये ही स्पर्धा पॅरिसजवळील ‘स्ताद द फ्रान्स’ या मैदानात आली. लोब तोपर्यंत विश्वविजेता झाला होता. अंतिम लढतीत फिनलंडच्या हेइक्की कोवालाइनेनने त्याला हरवले. कोवालाइनेन रॅलीचालक नव्हता आणि फॉर्म्युला वनची एकही शर्यत तोवर धावला नव्हता. या निकालावरून लोब दुय्यम ठरत नाही. रॅलीतला दीर्घ दम, सहचालकाच्या सूचनांवरचा विश्वास, बदलत्या रस्त्याचा अंदाज यांपैकी फारसे काही मैदानातील छोट्या मार्गावर तपासलेच जात नाही.

भारतीय वाचकांसाठी एक नोंद : 2012 मध्ये बँकॉक येथे या स्पर्धेच्या आशियाई सांघिक गटात नारायण कार्तिकेयन आणि करुण चंढोक यांच्या भारतीय संघाने विजेतेपद मिळवले.

समारोप

साधने समान केल्याने लढत न्याय्य होते. पण निकाल विश्वसनीय होण्यासाठी पुरेशा लढती लागतात. ‘रेस ऑफ चॅम्पियन्स’ पहिली अट बऱ्याच अंशी पूर्ण करते, दुसरी नाही. म्हणून तिचा विजेता हा ‘त्या दिवशी न हरलेला चालक’ असतो. तिचा चषक ज्याच्या नावाचा आहे, तो तोइवोनेन स्वतः कधीच विश्वविजेता झाला नाही. तरीही त्याच्यासाठी विश्वविजेते एकत्र आले. गुणतक्त्यातील स्थान हेच श्रेष्ठत्वाचे एकमेव माप नाही, हे त्यांना ठाऊक होते.

स्वाध्याय

1. 8 चालकांच्या स्पर्धेत बाद आणि साखळी पद्धतीने किती लढती होतील?
2. लढत जिंकण्याची संभाव्यता 0.9 असल्यास 16 जणांत विजेता होण्याची संभाव्यता काढा.
3. तुमच्या महाविद्यालयातील एखादी स्पर्धा घ्या. तिच्यासाठी कोणती पद्धत योग्य ठरेल, ते सकारण लिहा.