हडसनकांठचे ‘ओस’ धक्के व त्यांचीं छायाचित्रें

इतिहासाचें साधन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें रुमाल, फर्दी, ताम्रपट व बखरी येतात. परंतु ज्या समाजानें कागद ठेवलाच नाहीं, ज्याचा वावरच बेकायदा होता, आणि ज्याचीं वसतिस्थानेंहि पुढें जमीनदोस्त झालीं, त्याच्या इतिहासास आधार कोणता? असा एक समाज न्यूयॉर्क शहरीं हडसन नदीच्या पूर्वतीरावर इ. स. १९७० नंतरच्या सुमारें पंधरा वर्षांत नांदून गेला. त्याचें मुख्य साधन म्हणजे छायाचित्रें. अस्सल कागदास ज्या कसोट्या आपण लावतों त्याच या साधनास लावल्या असतां काय निष्पन्न होतें, तें प्रस्तुत लेखांत थोडक्यांत दाखविण्याचें योजिलें आहे.

स्थल व काल. मॅनहॅटनच्या पश्चिमकांठीं नदींत लांबवर गेलेले धक्के व त्यांवर बांधलेल्या प्रचंड वखारी होत्या. ता. २६ एप्रिल १९५६ रोजीं ‘आयडिअल-एक्स’ हें जहाज ५८ लोखंडी पेट्या घेऊन समोरच्या न्यूजर्सी प्रांतांतील नेवार्क बंदरांतून निघालें, आणि मालवाहतुकीची रीतच पालटली. या पेट्या उतरविण्यास विस्तीर्ण मोकळी जमीन लागे. ती मॅनहॅटनमध्यें नव्हती. व्यापार न्यूजर्सीकडे गेला, वखारी रिकाम्या पडल्या. डिसेंबर १९७३ मध्यें कांठालगतच्या उंच हमरस्त्याचा एक भाग कोसळला, तेव्हांपासून तर हा भाग शहरापासून तुटल्यासारखाच झाला.

एकाच वास्तूचे दोन साक्षी. इ. स. १९७५ च्या उन्हाळ्यांत गॉर्डन मट्टा-क्लार्क (१९४३–१९७८) या कलावंतानें ५२ क्रमांकाच्या धक्क्यावरील वखारींत परवानगीवांचून शिरून तिची जमीन व पश्चिमेकडील भिंत कापली. भिंतींतील भोंकांतून मावळतीचें ऊन आंत येई. कापलेल्या जमिनीखालीं नदीचें पाणी दिसे. या कृतीस त्यानें ‘डेज् एण्ड’, म्हणजे दिवसाचा अंत, असें नांव दिलें. काम चालू असतां इतर कोणी आंत येऊं नये म्हणून त्यानें स्वतःचीं कुलुपें लावलीं होतीं. त्याच्या बाजूच्या चित्रांत प्रकाश, लोखंड व पाणी आहे. वखार निर्मनुष्य भासते.

दुसरा साक्षी आल्विन बाल्ट्रॉप (१९४८–२००४). हा ब्राँक्समध्यें जन्मलेला कृष्णवर्णीय छायाचित्रकार. पूर्वी नौदलांत होता, मग टॅक्सी चालवी. १९७५ पासून १९८६ पर्यंत तो या धक्क्यांवर सतत चित्रें घेत होता, व त्यासाठीं प्रसंगीं वखारीच्या तुळयांना स्वतःस टांगून घेई. त्याच्या कांहीं चित्रांत मट्टा-क्लार्कनें पाडलेलें तेंच भोंक आहे. पण त्याच्याजवळ माणसें आहेत. एकत्र येण्यास अन्यत्र निर्भय जागा नसलेले समलिंगी पुरुष, घरांतून हांकललेलीं मुलें, ऊन खाणारे, निजलेले लोक त्यानें टिपले. दोन्ही साक्षी खऱ्या असून ‘ओस’ हा शब्द मात्र खोटा ठरतो. एकाच साक्षीवर विसंबल्यास केवढी चूक होईल, हें यावरून स्पष्ट आहे.

३४ क्रमांकाचा धक्का. इ. स. १९८३ मध्यें डेव्हिड वॉय्नारोविच (१९५४–१९९२) व माईक बिडलो यांनीं कॅनल स्ट्रीटच्या टोंकाशीं असलेल्या या धक्क्यावर इतर चित्रकारांस बोलाविलें. भिंतीच्या भिंती चित्रांनीं भरल्या. वॉय्नारोविचनें एका दालनांत जमिनीवर गवताचें बीं पेरलें. १९८४ मध्यें धक्का पाडण्यांत आला. तेथील चित्रांपैकीं आज जें ज्ञात आहे तें बहुतेक पीटर हुजार (१९३४–१९८७) व अँड्रियास स्टर्झिंग यांच्या छायाचित्रांमुळें. हुजार व वॉय्नारोविच दोघेहि एड्स रोगानें गेले. त्या समाजांतील अनेकांची तीच गत झाली. वास्तु गेली, साक्षीदारहि गेले. राहिली ती फिल्म.

संग्राहकांस उपयुक्त. छायाचित्राच्या बाबतींत निगेटिव्ह हा अस्सल व कागदावरील प्रत ही नक्कल होय. नक्कल करणारा कडा कापतो, काळेंपांढरें कमीअधिक करतो. म्हणून मूळ निगेटिव्ह हातीं असावी. एका पट्टीवरील चित्रांचा अनुक्रम मोडूं नये, कारण कालनिर्णय पुष्कळदां त्यावरूनच लागतो. पाठीवरील मजकूर, मग तो पेन्सिलीचा कां असेना, तसाच राखावा. बाल्ट्रॉपनें हजारों चित्रें घेतलीं, त्यांतील थोड्यांच्याच प्रती त्याच्या हयातींत निघाल्या. फिल्म कचऱ्यांत गेली असती तर बाकीची सारी साक्ष कायमची बुडाली असती. ब्राँक्स म्यूझियमनें त्याच्या कार्याचें मोठें प्रदर्शन भरविलें तें २०१९ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनीं.

५२ क्रमांकाच्या धक्क्याच्या जागीं २०२१ मध्यें डेव्हिड हॅमन्स या कलावंताच्या कल्पनेनुसार जुन्या वखारीची केवळ पोलादी आकृतिरेषा उभारण्यांत आली. तिला भिंती नाहींत, छप्पर नाहीं. तिच्या आंत कोण राहत होतें हें विचारणारास उत्तर छायाचित्रांकडेच शोधावें लागतें. आपल्याकडील जुन्या पेट्यांतून नांवगांव नसलेलीं छायाचित्रें व काचा निघतात, त्या निरुपयोगी समजून टाकण्यापूर्वीं एवढें ध्यानीं घ्यावें, अशी आमची संग्राहकांस विनंती आहे.