रागावलेल्या लेकराला आधी जवळ घ्या

पोर हट्टाला पेटले की आपल्याकडे दोनच उपाय ठाऊक असतात: धपाटा, नाहीतर बागुलबुवा. दोन्हींनी पोर गप्प होते, पण शहाणे होत नाही. राग, भीती, रुसवा यांना आवर घालणे हे चालण्या-बोलण्यासारखेच शिकावे लागते आणि त्याला पुष्कळ वर्षे लागतात.

दीड-दोन महिन्यांचे बाळ माणसाच्या तोंडाकडे पाहून हसू लागते. आठ-नऊ महिन्यांचे झाले की अनोळखी पाहुण्याला पाहून भोकाड पसरते. आपले कोण, परके कोण हे कळू लागल्याची ती खूण आहे. त्याला स्वतःहून शांत होता येत नाही. आई-आजीचा शांतपणाच ते उसना घेते. अमेरिकेतील एडवर्ड ट्रॉनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात आयांनी थोडा वेळ चेहरा अगदी कोरा ठेवला. बाळांनी आईला बोलते करण्याची खटपट केली आणि शेवटी तोंड फिरवून घेतले. तेव्हा कामाच्या घाईतही बाळाशी दोन शब्द बोला.

दीड ते तीन वर्षांच्या वयात इच्छा मोठी आणि शब्द थोडे, म्हणून आदळआपट होते. अशा वेळी जवळ बसा. "ट्रॅक्टरवर बसायचं होतं ना? म्हणून राग आला," असे म्हणा. रागाला नाव मिळाले की तो हळूहळू आवरता येतो. मात्र हट्ट पुरवू नका. माया करणे वेगळे, नमते घेणे वेगळे.

शाळेत जाऊ लागलेले मूल मनातले लपवायला शिकते. "मुलगा असून रडतोस?" असे म्हटल्याने त्याचे दुःख थांबत नाही, फक्त सांगणे थांबते.

तेरा-चौदाव्या वर्षी भावना उसळतात. पण विचार करून थांबवणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. म्हणून घोड्याएवढ्या पोराचाही चारचौघांत पाणउतारा करू नका. समोर बसवून उलटतपासणी करण्यापेक्षा वैरण कापताना सहज बोला. झोप-जेवण उडाले, "जगून काय करायचं" अशी भाषा आली, तर थट्टेवारी नेऊ नका. एकटे सोडू नका, सरळ विचारा आणि डॉक्टरांना दाखवा. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. आणि फवारणीचे औषध घरात उघडे ठेवूच नका. कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ बाळगा.

शेवटी, लेकरे ऐकून कमी आणि पाहून जास्त शिकतात. भाव पडला म्हणून बाजारातून तापून आलात, तर भांडी आपटण्याऐवजी एवढेच म्हणा, "आज मला राग आलाय, थोडा वेळ बसू द्या." दाराआडून पोर ते ऐकत असते.