लघुग्रहाचा मार्ग बदलला

१५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियातील चेल्याबिन्स्क नगराच्या आकाशात सूर्याहूनही प्रखर असा प्रकाश क्षणभर चमकला. काय झाले हे पाहण्यासाठी लोक खिडक्यांपाशी गेले. प्रकाश तत्काळ पोहोचतो. हवेतून येणारा आघात मात्र मागाहून येतो. सुमारे दोन मिनिटांनी तो आला, काचा फुटल्या आणि जवळजवळ १,५०० लोक जखमी झाले. या उत्पाताचे कारण होते अवघ्या २० मीटर रुंदीचा एक पाषाण. तो सूर्याच्या दिशेकडून आल्यामुळे कोणत्याही दुर्बिणीस आधी दिसला नव्हता.

अशा पाषाणांस लघुग्रह म्हणतात. त्यांपैकी बहुतेक मंगळ व गुरू यांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरतात. परंतु काहींचे मार्ग पृथ्वीच्या कक्षेजवळून जातात. महाराष्ट्रातील लोणारचे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर प्राचीन काळी अशाच आघाताने निर्माण झाले. भूकंप किंवा वादळ मनुष्यास थांबविता येत नाही. मग हे संकट तरी टाळता येईल काय?

त्यासाठी लघुग्रह फोडून टाकण्याची आवश्यकता नाही. त्याला वेळीच किंचित ढकलले तरी पुरे. समजा, त्याच्या वेगात सेकंदाला केवळ १ सेंटिमीटर फरक पडला. हा अल्प फरक २० वर्षे साठत गेला, तर साध्या गुणाकारानेही तो सुमारे ६,३०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका होतो.

ही कल्पना कसोटीस लावण्यासाठी अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘डार्ट’ नावाचे यान सोडले. डिडिमोस या लघुग्रहाभोवती सुमारे १६० मीटर रुंदीचा डिमॉर्फोस हा लहान लघुग्रह फिरतो. या जोडीपासून पृथ्वीस धोका नव्हता. एक दुसऱ्याच्या आड गेला की जोडीचा प्रकाश किंचित मंदावतो. त्यावरून डिमॉर्फोसच्या एका फेरीचा काळ पृथ्वीवरून मोजता येतो. म्हणूनच ही जोडी निवडण्यात आली.

२६ सप्टेंबर २०२२ रोजी पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १० लक्ष किलोमीटर अंतरावर ते यान सेकंदाला ६ किलोमीटरहून अधिक वेगाने डिमॉर्फोसवर आदळले. ११ तास ५५ मिनिटांची फेरी सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. वस्तुतः ७३ सेकंदांचा फरकही यश मानला जाणार होता. मग एवढा परिणाम का झाला? आघाताने दगडमातीचा मोठा फवारा उडाला. गोळा सुटताच तोफ जशी मागे सरते, तसाच या फवाऱ्याने डिमॉर्फोसला आणखी धक्का दिला.

हा धक्का दुसऱ्या लघुग्रहास किती बसेल, हे ठरविण्यासाठी डिमॉर्फोसचे वस्तुमान व घडण नेमकी कळली पाहिजे. त्याच कामासाठी युरोपचे ‘हेरा’ यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले.

तथापि धक्क्याचे फळ मिळण्यास अनेक वर्षे लागतात, आणि ती वर्षे हाती येण्यासाठी लघुग्रह आधी सापडला पाहिजे. पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणाऱ्या १४० मीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी निम्म्याहून अधिक अद्याप सापडलेले नाहीत, असा अंदाज आहे. चेल्याबिन्स्कवर आलेला पाषाण तर त्यांहून पुष्कळच लहान होता. ढकलण्याची विद्या मनुष्यास साधू लागली आहे. शोधण्याचे काम मात्र अजून अपुरे आहे.